मांडीखालचा हात

"आता लक्ष डाव्या हाताकडे न्या," वर्षाली मॅडम म्हणाल्या. धनेशने डोळे न उघडता तो हात मांडीखाली सरकवला.

गोळ्यांच्या नशेतून सुटू पाहणारी दहाएक माणसं रहाटणीतल्या त्या खोलीत सतरंजीवर गोलाकार बसली होती. श्वास जाणवू द्यायचा, दुखलं तर दुखणं नुसतं पाहायचं, पळायचं नाही, एवढंच मॅडम शिकवत. धनेशला श्वास जमे, डावा हात जमत नसे. महाळुंग्यातल्या कंपनीत त्या हाताची दोन बोटं गेली होती. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच पत्रा दाबणारी प्रेस खाली येते. ओव्हरटाइमच्या घाईत त्याने एका बटणात रबराचा तुकडा खोचला होता, आणि मोकळा झालेला डावा हात प्रेसखाली सापडला होता. जखम भरली, पण नसलेली बोटं दुखत राहिली आणि त्या दुखण्यावरच्या गोळ्या सुटेनात.

मागच्या बैठकीत याच वाक्याला तो उठून थेट समोरच्या मेडिकलमध्ये गेला होता. तिथे डॉक्टरची चिठ्ठी मागत नाहीत. म्हणून आज त्याची बायको करिष्मा खाली जिन्यात बसली होती. पुन्हा असं झालं तर मुलीला घेऊन माहेरी औशाला निघून जाईन, असं तिने शांतपणे सांगितलं होतं. ती ओरडली असती तर त्याला कमी भीती वाटली असती.

हात बधिर झाला, तसं त्याला सुटल्यासारखं वाटलं.

शेजारी बसलेल्या भिमाजीनानांनी हळूच कोपर लावलं. नानाही गोळ्यांचेच, गुडघेदुखीपासून सुरू झालेले.

"हात बधिर केला व्हय रं?"

"हं."

"मंग गोळी काय वाईट व्हती? ती बी ह्येच करायची."

धनेशला हसू आलं नाही. त्याला बटणात खोचलेलं ते रबर आठवलं.

त्याने हात बाहेर काढून मांडीवर उताणा ठेवला. आधी मुंग्या आल्या. त्यांच्यामागून ती दोन बोटं आली, जळत. मानेवर घाम फुटला. मेडिकल उघडंच असेल. बाथरूमला जातो, असं जिन्यातल्या करिष्माला सांगता येईल.

"नाना, मी उठतो."

"दुखतंय?"

"लई."

"दुखू दे. मी बी बसलोय."

बैठक संपल्याची घंटी वाजली. माणसं चपला घालून जिना उतरू लागली. त्यांत धनेश दिसेना, तशी करिष्मा धावतच वर आली.

रिकाम्या सतरंजीवर नाना बसले होते, आणि त्यांच्या शेजारी डोळे मिटून तो. तीन बोटांचा पंजा मांडीवर उघडा होता.

तिने दाराशी आवाज न करता चपला काढल्या.