विद्युबाई येतील
'घाबरवणे' या शब्दाचा अर्थ मी पाचवीच्या वर्गात नेहमी सोपा करून सांगायचे, दुसऱ्याच्या मनात भीती घालणे. वाक्यासाठी मुलांना बागुलबुवा पुरायचा. पण धामणकर नाक्यामागच्या आमच्या गल्लीत बागुलबुवाचं नाव कुणी घेत नसे. पोर जेवेना, झोपेना, की आया म्हणायच्या, "विद्युबाई येतील हं."

विद्युबाई म्हणजे मीच; मला ते आवडायचं. नळावरून एखादीने खूण केली, की मी चष्मा नाकावर ओढून खिडकीतून बघायचे. पोर गप्प व्हायचं.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये समजलं, की लूमवर काम करणारा जानू आपल्या काशीला चौथीनंतर शाळेतून काढतोय, मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवणार आहे. पोरगी हुशार. मी तडक त्यांच्या घरी गेले. मला पाहताच ती दाराआड शिरली.

"मी न्हाय अडवत बाई," जानू म्हणाला. "तिलाच इचारा. हो म्हणली तर धाडतो."

"काशे, भायेर ये," तिची आई कमळाबाई हसली. "बाई काय खातात का तुला?"

दाराआडून आवाज आला, "मला शाळेत न्हाय जायाचं."

"ऐकलंत? सोमवारपासून कांडीवर."

मी जमिनीवरच बसले. दाराकडे न बघता विचारलं, "शाळेत नाही, की माझ्या वर्गात नाही?"

ती म्हणाली, "तुमच्या."

जानूने बायकोकडे पाहिलं. "तूच घाबरवून ठेवलीस पोरीला."

"मी एकटी काय? अख्खी गल्ली सांगते. आन् खिडकीतून डोळे कोण वटारत होतं, तेबी इचार."

मी चष्मा काढून हातात घेतला.

"दुसऱ्या तुकडीत, नीलाबाईंकडे घातली तर जाशील?" मी विचारलं. दार थोडं हललं. ती "हो" म्हणाली. जानू बोललेला शब्द फिरवणारा नव्हता.

तुकडी बदलायला हेडमास्तरांनी लेखी कारण मागितलं. "पालक तर तुमचीच तुकडी मागतात," ते म्हणाले. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'विद्यार्थिनी मला घाबरते.' खाली सही केली. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

काशी आमच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली, पुढे हायस्कुलातही गेली. माझ्या वर्गात मात्र कधी बसली नाही. ती तीन वर्षं माझ्या वर्गावरून जाताना तिची पावलं दाराशी अडखळायची. मी मान खाली घालून वह्या तपासत राहायचे, ती पुढे जाईपर्यंत.