आम्ही घराची भिंत खाल्ली

मी एक जुना जंतू आहे. मित्रांनो, दचकू नका, मी रोगाचा जंतू नाही. बदलापूरच्या धर्मराजच्या मोठ्या आतड्यात माझं घर आहे. तो तान्हा असताना त्याच्या आईकडून मी इथे आलो. एकाचे दोन, दोनाचे चार असे आम्ही वाढत गेलो. मी त्यांतला कितवा, ते मलाही सांगता येणार नाही. आठवणी मात्र सगळ्या आहेत. मला बाहेरचं दिसत नाही, पण आवाज पोटापर्यंत पोचतात.

आमचं काम साधं आहे. भाकरीतला कोंडा, वालाची सालं, भाजीचे दोरे असं धर्मराजला जे पचत नाही, ते आमच्याकडे येतं. ते खाऊन आम्ही त्याच्या आतड्याच्या भिंतीला खुराक पुरवतो. तो शेतात राबायचा तेव्हा आमची चंगळ होती. मग तो आनंदनगरच्या एका कारखान्यात मशीनवर लागला. पाळीत वडापाव, फरसाण आणि गोड चहा सुरू झाला. त्याचं पोट सुटलं, आमच्यातले कितीतरी उपाशी मेले. तरी घरी त्याची बायको चांगुणा नाचणीची भाकरी वाढायची, त्यावर आम्ही तगून होतो.

एकदा कारखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा. रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आलीय."

धर्मराजच्या पोटात गोळा आला. तो गोळा आमच्याच अंगावर येतो, मित्रांनो! त्याचा मोठा भाऊ हरिचंद्र साखरेच्या आजारानेच गेला होता. त्या दिवसापासून धर्मराज भ्यायलेला होता आणि त्याच्या आत आम्हीही.

कुणीतरी त्याला उल्हासनगरचं एक दुकान सांगितलं. तिथल्या कॅम्प चार भागातला तो दुकानदार म्हणाला, "अरे भाऊ, शेवाळ आहे, एकदम नॅचरल. खाना बंद, सुबह-शाम एक चमचा. पोट अंदर!"

ती हिरवी भुकटी पाण्यातून खाली आली. तिच्याशी आमचं वैर नव्हतं. थोडी आमच्याही वाट्याला आली. पण तिच्यामागून काहीच येईना. ना भाकरी, ना आमटी. डबा तो कारखान्यात वाटून टाकायचा आणि घरी म्हणायचा, "जेवून आलोय."

वजन उतरलं. "दादा, शर्ट ढगळ झाला की!" असं सोबतचे म्हणू लागले. तो हसायचा. आत आमच्या शेजारचे एकेक गप्प होत होते. मी हाक मारायचो आणि ओ यायची नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मला अजून भीती वाटते. आतड्याच्या भिंतीला आतून एक बुळबुळीत लेप असतो. लेपाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे त्याचं रक्त. उपाशी जंतूंनी तो लेप खायला सुरुवात केली. मीही खाल्ला. दुसरं काही नव्हतंच. लेप पातळ होत गेला आणि पलीकडच्या रक्ताची धडधड स्पष्ट ऐकू येऊ लागली. भिंत फुटली तर धर्मराजचं काय होईल आणि आमचं काय?

त्याला जुलाब सुरू झाले. मुलगी ओवी विचारायची, "पप्पा, तुमचे हात का थरथरतात?" तो म्हणायचा, "काय नाय गं."

एका सकाळी मशीनसमोर त्याला भोवळ आली. मला कळलं ते एवढंच, की सगळं घर पुढे कलंडलं. मग शेजारच्या मशीनवरच्या सोमाची किंकाळी ऐकू आली. "धर्मादादा! हात! हात काढ!" सोमाने त्याला कॉलर धरून मागे खेचलं आणि दणकन बटण दाबलं. मशीन थांबलं. बोटं वाचली. धर्मराज जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

दवाखान्यात चांगुणाने पाकीट डॉक्टरीणबाईंपुढे आपटलं. त्या म्हणाल्या, "शेवाळ म्हणजे विष नाही. पण ते जेवणही नाही. आणि या पाकिटावर कुणी बनवलं, कधी बनवलं, काहीच नाही. कशावर विश्वास ठेवलात?"

"भावासारखं मरायचं नव्हतं," धर्मराज पुटपुटला.

"मग नीट जेवा आणि चाला. हळूहळू उतरेल."

त्या दुपारी आधी ताक आलं, मग मऊ भात. काही दिवसांनी नाचणी आली. लेप पुन्हा धरू लागला. जे शेजारी गेले, त्यांतले काही मात्र परतलेच नाहीत. धर्मराज आता कामावरून येताना चालत येतो. वजन सावकाश उतरतंय. साखर अजून काठावरच आहे आणि माझी भीतीही.

परवा जेवताना ओवीचा आवाज आला. "मला नको. वर्गातल्या मुली जाडी म्हणतात. मी फक्त पाणी पिणार."

मी गारठलो. तिच्या पोटातही आमचेच भाऊबंद आहेत. त्यांच्यापर्यंत मला पोचता येत नाही.

मशीनची गोष्ट धर्मराजने ओवीला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी त्याने ती सगळी सांगितली, रडला होता तेही. ओवी रडवेल्या आवाजात म्हणाली, "पप्पा, मला का नाय सांगितलं?"

"लाज वाटली गं. तू लाजू नको. भीती वाटली तर मला सांग, पण ताटावरून उठू नको."

मित्रांनो, तुम्हालाही कुणी हसलं, तुमचीही भूक लपवावीशी वाटली, तर घरात कुणाला तरी सांगा. आम्हाला तोंड नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागेल.

मी कान देऊन होतो. थोड्या वेळाने भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग ओवी म्हणाली, "आई, थोडी आमटी वाढ."