भिंतीपलीकडची तिरळी

त्या गल्लीत सायकल मिस्त्रीच्या शब्दाला वजन होतं. पंक्चर काढायला आलेला माणूस नळावरचं भांडण, पोराचा अभ्यास, सासूचं दुखणं असं काहीबाही बोलत बसायचा आणि जाताना चाकात हवा आणि डोक्यात मिस्त्रीचा सल्ला भरून घेऊन जायचा. मिस्त्री फार शिकलेला नव्हता, पण जुना टायर अजून चालेल असं वाटलं तर तो नवा विकत नसे. एवढ्यावरच लोकांनी त्याला सरळ माणूस ठरवून टाकलं होतं.

म्हणूनच मोठ्या रस्त्यापलीकडच्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मेल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला, तेव्हा सरकारी पशुवैद्य डॉक्टरीणबाई सगळ्यात आधी त्याच्याच दुकानात आल्या.

"इथे घरोघरी कोंबड्या आहेत," त्या म्हणाल्या. "पोल्ट्रीच्या इतक्या जवळचे सगळे पक्षी मारावे लागणार. निरोगी दिसले तरी. आम्ही सांगायला गेलो की लोक दारं लावून घेतात. तुमचं ऐकतील."

मिस्त्रीनं हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं. "माझ्यासुद्धा?"

"तुमच्यासुद्धा."

"मग सांगतो," तो म्हणाला. आणि त्या वेळी ते त्याच्या मनात खरोखरच होतं.

तो दारोदार फिरला. लोकांनी हुज्जत घातली. "आमच्या कोंबड्या काय पोल्ट्रीत पाहुण्या गेल्या होत्या का?" असं शिंप्यानं विचारलं. "त्या जात नाहीत, पण कावळे येतात. आपल्या चपला जातात-येतात," मिस्त्री म्हणाला. शिंप्याच्या मुलीचा एक लाडका कोंबडा होता, तिच्या मागेमागे शाळेच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा. शिंपी बराच वेळ सुई-दोऱ्याशी खेळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तू म्हणतोयस म्हणून."

अडलं ते मावशीपाशी. मावशी साऱ्या गल्लीची मावशी. प्रसूतिगृहात नर्स म्हणून तिचा जन्म गेला होता, आणि गल्लीतली अर्धी माणसं पहिल्यांदा तिच्याच हातात रडली होती. मिस्त्रीही त्यातलाच. तिचं घर त्याच्या घराला लागून, मध्ये एकच भिंत. नवरा गेल्यापासून परसातल्या कोंबड्या हाच तिचा संसार.

"बाकीच्या ने," ती म्हणाली. "ही म्हातारी तेवढी राहू दे रे. अंडी देत नाही, कुठं जात नाही. माझ्या पलंगाखाली बसून असते. तिला कोण विचारतंय?"

"मावशी, एक लपवली काय आणि दहा लपवल्या काय, धोका तोच. उद्या एखाद्या माणसाला लागण झाली म्हणजे? तू नर्स होतीस. मी तुला काय सांगायचं?"

मावशीनं वाकून एकदा पलंगाखाली पाहिलं. मग म्हणाली, "खरं आहे तुझं. मला सुचायला हवं होतं."

मिस्त्री घरी आला तेव्हा तिरळी दुकानाच्या पायरीवर त्याची वाट बघत बसली होती.

तिरळी त्याची कोंबडी. ती अंड्यातून उशिरा बाहेर आली, म्हणून भावंडांनी तिला टोचून एका डोळ्यानं अधू केलं होतं. मिस्त्रीनं तिला बुटांच्या खोक्यात ठेवून दिव्याच्या उबेवर जगवलं. एकच डोळा चालत असल्यानं ती मान वाकडी करून माणसाकडे बघायची, जणू समोरच्याचं बोलणं तिला पटलेलं नाही. दिवसभर दुकानात असायची. पंक्चर शोधायला मिस्त्रीनं ट्यूब पाण्यात बुडवली की वर येणाऱ्या बुडबुड्यांना चोच मारायची. "मिस्त्री, तुमच्या मॅनेजरीणबाई कडक आहेत," असं गिऱ्हाइकं म्हणायची.

पथक यायचं त्या दिवशी सकाळी त्यानं आपल्या सगळ्या कोंबड्या एकेक करून डाल्याखाली घातल्या. तिरळीलाही उचललं. ती नेहमीसारखी त्याच्या काखेत मान खुपसून बसली. अंगणाकडे निघालेले त्याचे पाय दुकानामागच्या टायरांच्या खोलीकडे वळले. त्यानं जुन्या टायरांच्या मधोमध तिला ठेवलं, वर पोतं टाकलं आणि तो मागे वळला, तर दारात बायको उभी.

"काय चाललंय?"

"फक्त आजचा दिवस."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

"ही कोंबडी आहे," तो म्हणाला. एरवी दोघं हसले असते.

पांढरे पोशाख, मास्क, हातमोजे घातलेली माणसं घराघरांत शिरली. मिस्त्री त्यांच्या बरोबर फिरत होता, दारं उघडायला लावत होता, रिकाम्या खुराड्यांत चुना टाकत होता. शिंप्याची मुलगी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती. मावशीनं मात्र कुणाला परसात जाऊ दिलं नाही. एकेकीला हाक मारून, स्वतः उचलून आणून दिलं. सगळ्यात शेवटी म्हातारी कोंबडी आणली, स्वच्छ धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून.

"हिचे पाय दुखतात," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "धरताना तेवढं सांभाळा."

मिस्त्रीच्या हातात चुन्याची पिशवी होती. ती त्यानं उगाचच खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"तुम्ही होतात म्हणून सगळं शांतपणे झालं," डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या. गल्लीनंही माना डोलावल्या.

आजचा दिवस म्हणता म्हणता आणखी दिवस गेले. आता कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न रोज थोडा थोडा जड होत गेला. तो मास्क लावून, हातमोजे घालून तिरळीला दाणे घालायला जायचा. तिचा तुरा काळवंडला नाही ना, विष्ठा पातळ नाही ना, हे वाकून बघायचा. तिनं नुसती मान झटकली तरी तो दाणे बाजूला ठेवून तिला पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. बायको शिंकली की हा पांढराफटक. आणि तिरळी तर अगदी ठणठणीत. कोंडून घातल्याचा राग म्हणून की काय, रोज अंडं घालायची आणि घातलं की साऱ्या जगाला ओरडून सांगायची. तेवढ्यात मिस्त्री हातोडा घेऊन एखादा चांगला मडगार्ड बडवायला लागायचा. ती अंडी खाववत नव्हती, कुणाला देताही येत नव्हती. गल्लीत औषधाला अंडं नव्हतं आणि हा अंडी जमिनीत पुरत होता.

सगळ्यात वाईट म्हणजे मावशी आता दुकानात येऊन बसायला लागली होती.

"घरात काय करू?" ती म्हणायची. "परसात गेलं की हात आपोआप दाण्यांच्या डब्याकडे जातो. मग डबा उघडून तशीच उभी राहते, खुळ्यासारखी."

मिस्त्री मान खाली घालून चाकाच्या तारा आवळत बसायचा. सरळ असलेलं चाकसुद्धा त्यानं त्या दिवसांत पुन्हा पुन्हा सरळ केलं.

मग एका सकाळी पथकाची गाडी परत आली. मागच्या बोळातून जाणाऱ्या कुणीतरी कोंबडीचा आवाज ऐकला होता आणि तक्रार केली होती. डॉक्टरीणबाई सरळ मिस्त्रीकडे आल्या.

"आवाज याच बाजूचा आहे म्हणतात. तुम्हाला कुणावर शंका?"

हीच ती वेळ होती. खोली दोन हातांवर होती. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि त्याच्याच कानांवर विश्वास बसेना असं वाक्य बाहेर पडलं.

"शंका कुणावर घ्यायची? एकटं, म्हातारं माणूस असतं, जीव लागतो हो."

त्यानं नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

पथक मावशीच्या घरात शिरलं. पलंगाखालची ट्रंक ओढली, कपाट उघडलं, न्हाणीघरात डोकावलं, दाण्यांचा डबासुद्धा उपडा केला. गल्ली दाराशी जमली होती. मावशी उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "नीट बघा. परत यायला नको." काही सापडलं नाही. गर्दी पांगताना समोरच्या घरातल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आधीच कुठं हलवली असेल. मिस्त्री सांगायला आले तेव्हाही एक राहू दे म्हणत होत्या, मी ऐकलं ना."

मिस्त्री शेजारीच उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि ऐकून घेतलं.

दुपारी बायकोनं त्याच्यासमोर ताट ठेवलं. तो नुसताच बसून राहिला. "तुमची आई असती तर तिच्या बाबतीत असं केलं असतंत?" एवढंच तिनं विचारलं आणि ती उठून गेली.

त्यानं ताट सरकवलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

त्या परत आल्या, एकट्याच. पोतं बाजूला करून त्यांनी आधी कोंबडीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. "तुम्ही?" एवढाच शब्द. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिरळीच्या घशातला नमुना घेतला. "हा तपासायला पाठवते. पण हिच्यासाठी थांबता येणार नाही."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "मीच धरतो."

तिरळीनं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर हलवली नाही. निदान तेवढं तरी तिचं देणं लागत होता.

हात धुऊन, कपडे बदलून तो मावशीकडे गेला. ती विस्कटलेलं कपाट लावत होती.

"मावशी, कोंबडी माझ्याकडे होती."

"माहीत आहे," मावशी टॉवेलाची घडी घालत म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. भिंत काय किल्ल्याची आहे? अंडं घालून ती ओरडायची, की तुम्ही हातोडा हाणायचात."

तिच्या तोंडचं 'तुम्ही' त्याला आधी कळलंच नाही. जन्मल्यापासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती.

"मग त्यांना का नाही सांगितलंस? तुझं घर उपसलं त्यांनी."

"सांगितलं असतं तर ती गेली असती." मावशीनं घडी फळीवर ठेवली. "आधी राग आला होता. माझी नेली आणि आपली ठेवली म्हणून. मग दुपारची भिंतीला टेकून बसायला लागले. म्हटलं, एक तरी राहिली. कुठं आहे आता?"

त्यानं सांगितलं. मावशी पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे तीही गेली."

"मला राहवेना, मावशी. तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

"तुम्हाला बघवत नव्हतं. आता बघवेल." तिचा आवाज चढला नव्हता. "कोंबडी ठेवलीत ते मी समजू शकते. मीही ठेवली असती. पण ते 'एकटं, म्हातारं माणूस' म्हणालात, ते मला दारातून ऐकू आलं. आणि आता माझ्यापुढे येऊन काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांनी माझ्या घराचा तमाशा बघितला, त्यांना ठाऊक नाही."

संध्याकाळी नळाला पाणी आलं आणि गल्ली रांगेत उभी राहिली. मिस्त्री दुकानातून उठून तिथे गेला. घसा खाकरला, म्हणून सगळ्यांनी पाहिलं. काहीतरी सूचना असेल असं त्यांना वाटलं. त्यानं सगळं सांगितलं. टायरांची खोली, मडगार्डवरचा हातोडा, डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर. काहीही गाळलं नाही.

एकजण हसला, आणि कुणीच साथ देत नाही बघून गप्प झाला. वहिनींनी भरत आलेली बादली तशीच सोडली आणि त्या मावशीच्या दाराकडे गेल्या. शिंपी मात्र जागचा हलला नाही.

"माझी पोर अजून त्या कोपऱ्यावर थांबून मागे वळून बघते," तो म्हणाला. "मी तो कोंबडा तुझ्या शब्दावर दिला."

नळ वाहत राहिला. शेवटी कुणीतरी पुढे होऊन बंद केला.

नमुन्याचा अहवाल आला, तेव्हा तिरळीत काही सापडलं नाही असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर कळवलं. ऐकताना मिस्त्रीच्या मनात आलं, आजार निघाला असता तर निदान तिला मारणं बरोबर तरी ठरलं असतं. पुढच्याच क्षणी त्याला त्या विचाराची शिसारी आली. म्हणजे बायकोलाही धोका नव्हता, हे त्याच्या त्यानंतर लक्षात आलं.

कोंबड्या पाळण्यावरची सरकारी बंदी उठली. खुराडी धुतली गेली, हळूहळू परसांतून पुन्हा आवाज यायला लागले. मिस्त्रीनं कोंबड्या आणल्या नाहीत. शिंपी आता आपली सायकल बाजारातल्या दुकानात नेतो. इतर लोक मिस्त्रीकडे येतात, पंक्चर काढून घेतात, पण बसून घरच्या गोष्टी सांगणं कमी झालंय.

वहिनींनी मावशीला दोन तलंगा, अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणून दिल्या. नंतर एका सकाळी मावशी दुकानाच्या पायरीशी आली. "खुराड्याची कडी लागत नाही. जरा बघता का?"

तो हत्यारं घेऊन गेला. कडी वाकली होती, ती ठोकून सरळ केली, बिजागरीला तेल सोडलं. मावशी एका तलंगेला कडेवर घेऊन बाजूला उभी होती.

"लागली का?"

"लागली, मावशी. आणखी काही असलं तर सांग."

"सांगेन," मावशी म्हणाली. "या आता."

मिस्त्रीनं हत्यारं गोळा केली आणि परसाच्या दारातून तो बाहेर पडला.