बंद करून दाखव

माझ्या भाचीला गॅस बनवणाऱ्या यंत्रावर नोकरी लागली आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, घर डोक्यावर घेतलं. गॅस तोच होता, कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून निघून ज्याने वहिनीचा जीव घेतला, तो. थंडी होती म्हणून शेगडी आत ठेवणारा दादाच, त्यामुळे तो तेव्हापासून स्वतःला खात आलाय.

"एक तर ती नोकरी, नाहीतर हे घर," असं तो पोरीला म्हणाला. बापलेकीचं बोलणं बंद झालं. दोघंही हट्टी, आणि मी त्यांच्याहून हट्टी. "आधी डोळ्यांनी बघ, मग काय आदळआपट करायची ती कर," असं म्हणत मी त्याला रीतसर परवानगी काढून कारखान्यात नेलं.

यंत्र दोन कपाटांएवढं. भाची बोलत होती माझ्याशी, पण बापाला ऐकू जाईल अशा बेताने.

"आत्या, पूर्वी हा गॅस सिलिंडरमध्ये भरून ट्रकने यायचा. मागच्या शेडमध्ये नुसत्या रांगा. आता कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा आणि वीज द्यायची. त्यातला थोडा ऑक्सिजन वेगळा निघतो, की हा तयार. पलीकडच्या विभागाला लागेल तेवढाच बनवतो."

"आणि साठा?" दादाने विचारलं.

"साठा नाही. पाइपात असेल तेवढाच."

"बंद करून दाखव."

भाचीचा चेहरा उतरला. यंत्र थांबलं तर पलीकडचं काम अडणार, आणि तिची नोकरी अजून कच्ची.

"दादा, हा काय घरचा पंखा आहे?" मी डाफरले. तो जागचा हलेना.

तिने लाल बटण दाबलं. यंत्राच्या पडद्यावरचा गॅसचा आकडा घसरत घसरत शून्यावर आला. तिचे साहेब धावत आले.

"कोणी थांबवलं?"

"मी थांबवायला लावलं," दादा म्हणाला. "तिला काही बोलू नका." मग लेकीकडे वळला. "एवढ्यात थांबतो?"

"हो, बाबा."

"त्या रात्री मला थांबवता आला असता तर," एवढंच तो बोलला आणि सगळ्यांसमोर रडायला लागला. भाचीने त्याचा हात धरला. मलाही रडू आवरेना, आणि त्याची मला लाजही वाटली नाही. साहेब बिचारे खाली बघत उभे राहिले.

दादाने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"चालू कर, बाळा," तो म्हणाला. "लोक खोळंबलेत."