मागच्या सीटवरची राखण

माणूस विसरतो हो. चष्मा विसरतो, छत्री विसरतो. महिपतराव नातीला विसरले. मंडईत भाजी घ्यायला गेले आणि तीन वर्षांची सोनू मागच्या सीटवर झोपलीय, हे डोक्यातूनच गेलं. गाडी बंद, वर रणरणतं ऊन. एका फुलवालीनं काच फोडली म्हणून पोर वाचली. तेव्हापासून सून नम्रता सोनूला त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंतही सोडत नव्हती. भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसती गप्प झाली होती.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात. इथे बैल दैवानं वाचला होता, म्हणून महिपतराव झोपा करायला निघाले. गाडीत अलार्म बसवायचा, आत जीव हलला की बोंब मारणारा. मग तरी सून विश्वास ठेवेल, पोर पुन्हा हाती देईल, एवढीच त्यांची आशा.

कात्रजला, सोसायटीच्या पार्किंगमध्येच, चेतन मेकॅनिकनं पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना सेन्सर बसवले. तपासायला महिपतराव स्वतः मागे बसले, सोनूच्या जागेवर. चेतननं गाडी लॉक केली. त्यांनी हात हलवला. भोंगा ढिम्म. चेतननं दार उघडलं.

"सेन्सरचा जोर वाढव अजून."

"काका, मग मांजर टपावर बसलं तरी कोकलेल. शेजारी शिव्या घालतील."

"घालू देत. तू वाढव."

चेतननं सेन्सरचा स्क्रू पिळला, पुन्हा लॉक केलं. आत जीव गुदमरत होता, सदरा पाठीला चिकटला. एवढ्याशा पोरीनं हे कसं सोसलं असेल, या विचारानं त्यांना रडूच कोसळलं. डोळे पुसायला हात उचलला आणि भोंग्यानं पार्किंग दणाणून सोडलं.

आवाजानं नम्रता खाली धावली.

"बघ, नुसता हात उचलला!" महिपतराव बाहेर येत म्हणाले.

चेतननं भोंगा बंद केला.

"बाबा, मंडईत हा वाजला असता, तर काय केलं असतंत?"

"धावत आलो असतो!"

"का म्हणून? गाडीत कोणी आहे हेच तुमच्या ध्यानात नव्हतं. कुणाची मेली गाडी कोकलतेय म्हणत वांगी निवडत राहिला असतात."

खरंच होतं ते. महिपतरावांनी चेतनकडून किल्ली घेऊन तिच्यापुढे धरली.

"यापुढे गाडी तू चालव. मी मागे बसेन, सोनूजवळ."

नम्रतानं किल्ली घेतली.

"बसा मागे," ती म्हणाली. "आणते तिला."