रचणाऱ्यांच्या बांध्या

चीप अजून हातातच होती. सुपारीपेक्षा जरा मोठा दगड, एका कडेने गुळगुळीत. धुऱ्यातून, शेताच्या दगडी बांधातून, निखळून तो खाली आला होता, आणि त्याची जागा शामकलेच्या बोटांना डोळ्यांआधी सापडली : खालून दुसऱ्या थरात, काळ्या धोंड्याच्या बगलेत. टिकाराम असता तर म्हणाला असता, दाबू नको, फिरवून पाहा... नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली. धुरे तेव्हापासून ती एकटीच राखत होती.

धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाच्या या उतारावर दगडी धुऱ्यांच्या सात बांध्या होत्या, पायऱ्यांसारख्या. वरच्या तिन्हींत तिचा धान. कोणी रचल्या, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सासू नव्या तांदळाची पहिली मूठ वरच्या धुऱ्यावर ठेवायची, रचणाऱ्यांची म्हणून. पुढे शामकला ठेवू लागली. म्हणूनच, मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेल्यावर मोजणीला आलेल्या पटवाऱ्याने या तीन बांध्या कोणाच्या असं विचारलं, तेव्हा ती सहज बोलून गेली —

"रचनाऱ्याईच्या होत, साहेब."

त्याने लिहून घेतलं : मालक अज्ञात, सरकारी पडीत. आज दुपारी चावडीवर यादी वाचली जाणार होती. हरकत असेल त्याने तिथेच उभं राहून सांगायचं. नंतर बदल नाही.

सकाळी कवडू, तिचा दीर, हसला होता. "वहिनी, बोलाव आता त्या रचनाऱ्याईले. अंगठा कराले." मग हसणं थांबवून म्हणाला, "माझ्या होत म्हन. एवढंच त म्हनाचं हाये. काऊन जड जाते?"

काऊन... एकोणीस वर्षं मी इथे वाकले, चिखल तुडवला, रोवणी केली. पण धुऱ्याला हात लावताना वाटायचं, हा हात दुसऱ्या कोणाच्या तरी हातामागून जातो आहे. माझ्या म्हटलं, तर ती मूठ कोणासाठी ठेवायची? आणि नाही म्हटलं, तर पुढच्या साली मुठीत काय?

तिने चीप फिरवली. ही दर साली निखळते, दर साली बसवावी लागते. गुळगुळीत कडेवर अंगठा नेमका बसला. एकोणीस वर्षांत दगड झिजत नाही. त्याला पुष्कळ अंगठे लागतात — त्यांतला एक हा. टिकारामचा एक. सासूचा... त्यांत स्वतःचा अंगठा तिने कधी मोजलाच नव्हता.

खाली चावडीसमोर माणसं जमत होती. चीप आत सरकली, धोंडा हलायचा थांबला. हरकत सांगायला ती उठली.

"रचनाऱ्याईच्या," ती स्वतःशीच म्हणाली. शब्द तोच होता. फक्त या वेळी तो उच्चारताना ती त्या रचणाऱ्यांच्या बाहेर उभी नव्हती.