रक्तात सूज न्हाई

निवृत्ती खोकला की मुदखेड जंक्शनात उभी असलेली गाडी हलायची. गार्डाला वाटायचं, शिट्टी झाली. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. उभी हयात त्यानं लातूरच्या दालमिलीत तुरीची भुकटी गिळली होती, आता मुदखेडला घरी होता. एका पावसाळ्यात म्हणे त्याच्या नाकातून तुरीचं रोप आलं, चांगलं वीतभर, आणि मालकानं ते आपलंच म्हणून उपटून नेलं. ऐकणारे पोट धरून हसायचे. त्याची बायको नागुबाई हसायची नाही. हसणारे घरी गेल्यावर जी धाप लागायची, ती तिला एकटीला निस्तरावी लागायची.

त्यांचा मुलगा आनंदराज लातूरला सरकारी कचेरीत होता. लहानपणी बापानं त्याला सांगितलं होतं, तुझी सायकल मालगाडीनं निघालीय. पोरगं कितीतरी दिवस फलाटावर जाऊन बसलं. तेव्हापासून तो कागद पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसे.

"आबा, आता आमच्याकडंच राहायचं," तो म्हणाला. "छातीचा मोठा डॉक्टर हाय तिथं."

"छाती लातूरलाच ठेवून आलो की रं. आता उरलेला मी बी पाहिजे का तुला?"

शेवटी तोड निघाली. लातूरला जाऊन रक्त तपासायचं. सूज निघाली तर तिथंच मुक्काम, नाही निघाली तर मुदखेड. निवृत्ती इतक्या झटकन हो म्हणाला की नागुबाईला शंका आली.

खरी गोष्ट गुंडप्पाकडं होती. देगलूरकडचा हा माणूस स्टेशनाजवळ औषधं विकायचा, आणि कुणाच्या चिठ्ठीबिठ्ठीची वाट बघायचा नाही. त्याची बारीक पांढरी गोळी निवृत्ती कित्येक महिने घेत होता. गोळी पडली की म्हातारा स्टेशनचा जिना चढायचा. तपासणीच्या आधी त्यानं डबल सुरू केली.

"सूज उतरवती म्हणतो गुंडप्पा," तो बायकोला म्हणाला. "मंग रक्तातली बी उतरंल की."

लातूरच्या डॉक्टर सौदामिनी मॅडमनी त्याला नळीत फुंकायला लावलं, रक्त काढलं, आणि कागद आल्यावर तिघांना समोर बसवलं.

"फुप्फुसं निम्म्याहून जास्त गेलीत, आजार मोठाच आहे. पण रक्तात सूज नाही, सीआरपी अगदी कमी आलाय. म्हणजे नुकसान जुनं, सध्या भडका नाही. घरी राहू शकता. बाहेरची कुठली गोळी घेता का?"

"घेत व्हतो की. मालकाच्या शिव्या. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर."

मॅडम हसल्या आणि नागुबाईकडं वळल्या. "आजी, तुम्ही सांगा. स्टेरॉइडची गोळी पोटात असेल तर हा आकडा फसवतो. शिवाय ती हाडं पोखरते, ते वेगळंच."

निवृत्तीनं बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती. आयुष्यात नागुबाई खोटं बोलली नव्हती. घरात एकानं दोघांपुरतं बोलून ठेवलं होतं. तिला तिसऱ्या मजल्यावरची मुलाची खोली आठवली, आणि खिडकीच्या गजाला धरून उभा म्हातारा दिसला.

"न्हाई," ती म्हणाली.

आनंदराजनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मुदखेडला आल्यावर मात्र तिला ते हाडांचं बोलणं सोडेना. एका सकाळी तिनं गोळ्यांची सगळी पाकिटं चुलीत घातली. गुंडप्पाच्या दुकानात जाऊन त्याला असं काही ऐकवलं की निवृत्तीला पुन्हा गोळी मिळाली नाही. तिला वाटलं, पाप धुतलं.

थोड्याच दिवसांत म्हातारा अंथरुणाला खिळला. जेवण सुटलं, ताप चढला, बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या.

"दम लागून राहिला, नागू," तो म्हणाला. एवढंच. ना गाडी हलली, ना रोप उगवलं. त्याचं साधं बोलणं ऐकून ती घाबरली.

तिनं मुलाला फोन लावला. "आनंदा, ये रं. आबाला श्वास पुरंना."

"माय, मागं 'मेलो मेलो' करून बोलावलं, आणि मी आलो तर आंबे चोखत बसले व्हते. सीआरपी दोन हाय त्यांचा. कागद हाय माझ्यापाशी."

"कागद खोटा हाय. गोळी खाल्ली व्हती त्यांनी. मीच डॉक्टरीणबाईला न्हाई म्हणले."

पलीकडं तो हसला, बापासारखाच.

"तू बी? त्यांच्या संगतीनं तुला बी लागलं का हे?"

शेजारच्या उमाबाईच्या मुलाच्या टेम्पोत घालून तिनं नवऱ्याला नांदेडला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला सगळं सांगितलं, आणि त्यानं ते पहिल्या झटक्यात खरं मानलं.

"एकदम बंद केली? आजी, ती हळूहळू उतरवायची असते."

नवा रिपोर्ट आला. सीआरपी दोनशेच्या वर. गोळी गेली होती, आता रक्त खरं बोलत होतं. मास्कखाली निवृत्तीचे ओठ हलले. नागुबाईनं कान जवळ नेला. नुसता ऑक्सिजनचा आवाज. आनंदराज पोचला तेव्हा मास्कही काढला होता. त्या डॉक्टरनं त्याला गोळीसकट सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला.

म्हाताऱ्याच्या पुण्यानुमोदनाला अख्खी वस्ती जमली. झालं तरी काय, जो तो विचारायचा. आनंदराजनं खिशातली घडी काढली.

"रक्त एकदम नॉर्मल व्हतं. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या, काळजी नको." तो थांबला, बाप जिथं थांबायचा, अगदी तिथंच. "मंग अचानकच झालं."

लोक हळहळले. कागद हातोहात फिरला, ज्याला वाचता येत नव्हतं त्यानंही निरखून पाहिला.

"व्हय का, नागुबाई?" उमाबाईनं विचारलं. तिच्या पोराच्या टेम्पोतच तर म्हातारा गेला होता.

आनंदराजनं मान वर केली नाही. त्याची बोटं सतरंजीचा दोरा उसवत होती.

नागुबाईनं कागद मागून घेतला, नीट घडी केली आणि मुलाच्या हातात दिला.

"हाव," ती म्हणाली. "रिपोर्ट चांगला व्हता."